नारळासारखी पारखलेली काडतुसं

भावोजी,

तुमचं तेरावं काल झालं. माणसं जेवली, पानसुपारी झाली, आणि जाता जाता प्रत्येकाने तुमच्या शौर्याला एकेक तुरा खोवला. तुमचे काका म्हणाले, असा छातीचा माणूस आमच्या घराण्यात आजवर झाला नाही. भटजींनी तर पंचा सारखा करत थेट 'वीरमरण' म्हणून टाकलं. रायफल कुठल्या बाजूने धरतात हे ज्याला ठाऊक नाही त्या तुमच्या शेजाऱ्यानेही डोळे पुसून घेतले. मी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होतो. माझी बहीण काशी आत होती म्हणून गप्प बसलो. नाहीतर त्या भरल्या पंगतीत सांगितलं असतं, की हा माणूस शौर्याने मेला नाही, हट्टाने मेला.

तुम्ही कसे मेलात ते मला पक्कं माहीत आहे. घोडा दाबल्यावर नुसता खट्ट आवाज आला आणि बार झाला नाही, तर रायफल समोर रोखून तशीच धरायची, मनात सावकाश वीसपर्यंत मोजायचं, आणि तोवर मागचा बोल्ट उघडायचा नाही. हे मी तुमच्याकडून पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं. जुनं काडतूस कधी कधी उशिरा पेटतं. बोल्ट बंद असताना पेटलं तर गोळी पुढे जाते. उघडताना पेटलं तर पितळेचे तुकडे उडवणाऱ्याच्याच अंगात घुसतात. तुम्ही थांबला नाहीत. तुकडे घुसले, आणि त्या जखमांतून धनुर्वात झाला. एवढीच तुमची वीरगाथा. आता त्या वेळी रानडुक्कर माझ्या अंगावर येत होतं, म्हणून मी हे बोलू नये असं गावाचं म्हणणं आहे. का बोलू नये? ज्याच्यासाठी मूर्खपणा केला, त्याला तरी तो मूर्खपणा म्हणायचा हक्क असावा.

काल सगळे गेल्यावर काशीने मला एक गोष्ट सांगितली. तिच्याकडे येईन. आधी माझं होऊ द्या. आयुष्यभर तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत.

माझी धाकटी बहीण तुमच्या घरी दिली तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, खोताचं घर आहे, आंब्याची कलमं आहेत, माणसं बरी आहेत. नवरा बोलतो जरा जास्त. 'जरा' हा शब्द वडिलांनी भिडेखातर घातला असावा. तुम्ही मुंबईच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, पण लढाईच्या गोष्टी तुमच्याकडून ऐकाव्यात. जर्मनांशी लढाई चालू असताना मी इराकात बसऱ्याच्या दारूगोळ्याच्या कोठारात कारकून होतो. तिथल्या चार गोष्टी मी तुम्हाला सांगितल्या, आणि पुढच्या शिमग्यात त्याच गोष्टी तुम्ही होळीच्या माळावर मलाच ऐकवल्यात. त्यात तोफा वाढल्या होत्या, तुर्क वाढले होते, आणि मी कुठेच नव्हतो. हे कुठलं कोठार, असं मी विचारलं तर म्हणालात, "तुम्ही हो इष्टोरकीपर. काडतुसं मोजायची तुम्ही. झाडायची ती दुसऱ्यांनी." लोक हसले. लोकांना हसवणं तुम्हाला कधीच जड गेलं नाही.

मग तुम्ही ती रायफल घेतलीत. जंगलखात्याचा एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याने सामान विकायला काढलं. जर्मन बनावटीची, बोल्टची, लढाईत कुणाच्या तरी हाती लागलेली, खांद्याच्या लाकडावर चाकूने कोरलेली दोन अक्षरं. ती अक्षरं कुणाची ते कधी कळलं नाही, पण तुमच्या तोंडून दरवर्षी ती निराळ्या सेनापतीची झाली. कलेक्टर कचेरीतून परवाना मिळाला, कारण सड्याच्या कातळमाळाखालच्या शेतांत डुकरांनी खरोखरच उच्छाद मांडला होता. नाचणीचं एक कणीस राहत नव्हतं. गावाला बंदुकीची गरज होती हे मी नाकारत नाही. बंदूक तुमच्या हातात पडायची गरज नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

काडतुसं घ्यायला आपण जैतापूरहून आगबोटीने मुंबईला गेलो. मला मुद्दाम बरोबर नेलंत. "तुम्ही त्यातले जाणकार," असं सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, आणि दुकानात पोचल्यावर माझा एक शब्द ऐकला नाहीत.

त्या बंदूकवाल्या शेठने आपल्यापुढे तीन प्रकारचा माल मांडला होता. पहिली होती शिकारीची, मऊ नाकाची. गोळी लागली की आत पसरते आणि जनावर जागीच बसतं. दुसरी लष्कराची शिल्लक, पण पत्र्याच्या पेटीत कथलाने झाळून बंद केलेली, हवा न लागलेली. तिची गोळी कडक नाकाची असली तरी दारू भरवशाची. आणि तिसरा एक उघडा खोका. त्यात मोडलेल्या पेट्यांतली उरलीसुरली काडतुसं, पाच कारखान्यांची आणि नाना सालांची, काही काळी पडलेली, काही चकचकीत. मी म्हणालो, पहिली घ्या. नाहीतर दुसरी घ्या, आणि झाळ इथे उघडू नका. तोवर तुमचा हात तिसऱ्या खोक्यात कोपरापर्यंत गेला होता.

तुम्ही एक काडतूस उचललंत, तळहातावर जोखलंत, कानाशी नेऊन हलवलंत.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"बघतोय. हे भरलेलं हाय. आणि हे बघा, हे पोकळ वाजतं."

"भावोजी, तो नारळ नाही."

"नारळ नाय ते मलाही कळतं. पण भरलेलं ते भरलेलं आणि खवट ते खवट. तुम्ही कोठारात कागद बघून माल घेत होतात. आम्ही हातात घेऊन घेतो."

"झाळलेल्या पेटीतलं घ्या हो."

"त्यात निवडता कुठं येतं? न बघता घ्यायचं म्हणजे फसायचंच."

हेच तुमचं सगळं शास्त्र. ज्या वस्तूवर हात फिरवता येत नाही ती खोटी. आंबा हुंगायचा, सुपारी दातांनी तोडून बघायची, नारळ कानाशी हलवायचा, आणि त्याच रीतीने मरणाचा मालही पारखायचा. शेठने दाढीवरून हात फिरवत म्हटलं, "साहेबांना पारख आहे हां." त्याच्या दुकानातला कुणी न घेतलेला कचरा निवडून निवडून विकत घेणारं गिऱ्हाईक त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असावं. तुम्ही मात्र अर्धा दिवस खोक्यापुढे मांडी घालून बसलात, वाजणारी एका बाजूला, न वाजणारी दुसऱ्या बाजूला, आणि परतीच्या बोटीवर ओळखीच्या प्रत्येक माणसाला ती पारख समजावलीत. मी डेकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. लाज मला वाटत होती, तुम्हाला नाही.

कडक नाकाच्या गोळीवरून आपला वाद किती वर्षं चालला हे आता सांगता येणार नाही. मी म्हणायचो, ही गोळी डुकराच्या आरपार जाते, ते पडत नाही, उलट चवताळतं. तुम्ही म्हणायचात, "फौजेला चालतं ते डुकराला चालत नाय? डुक्कर काय कैसरापेक्षा मोठा?" मी म्हणायचो, फौजेला माणूस नुसता जखमी झाला तरी पुरतं, तुम्हाला डुक्कर नुसतं जखमी होऊन पुरणार नाही. यावर तुम्ही काशीला हाक मारून चहा मागवत असा. चहा आला की विषय बदललेला असे. मी तो वाद एकदाही हरलो नाही आणि एकदाही जिंकलो नाही.

दुसरा वाद उकळत्या पाण्याचा. लष्करी काडतुसाच्या बुडाच्या टोपीत असा मसाला असतो, की बार झाल्यानंतर नळीत त्याचा क्षार राहतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत नळी दोन दिवसांत गंजते. तो क्षार तेलाने जात नाही, उकळत्या पाण्यानेच धुवावा लागतो. हे मी कोठारात शिकलो होतो. तुम्ही म्हणालात, "रायफलीला अंघोळ कोण घालतो? खोबरेल लावलं की झालं." आणि एक चिंधी खोबरेलात बुडवून नळीत फिरवलीत. तरी इतक्या वर्षांत ती नळी आरशासारखी राहिली, आणि त्याचं श्रेय तुम्ही तुमच्या खोबरेलाला देत राहिलात, तेही माझ्यादेखत. तुम्हाला कधीच कळलं नाही, आता सांगतो. प्रत्येक पारधीनंतर तुम्ही ओटीवर पराक्रम सांगत बसलेले असताना काशी न्हाणीघरातल्या हंड्यातलं कढत पाणी त्या नळीतून ओतायची, पुसायची, आणि मग तुमची खोबरेलाची चिंधी तिच्या वासापुरती फिरवून ठेवायची. मी तिला विचारलं होतं, सांगत का नाहीस? म्हणाली, "दादा, ते कशाला सांगायचं? नळी साफ हाय ना?" तुमच्या घरातला सगळा शहाणपणा त्या न्हाणीघरात होता.

इतकं बोलल्यावर एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल. बसऱ्याहून मी परत आलो तो तापाने फणफणलेला. मुंबईच्या धक्क्यावर मला उतरवून घ्यायला कुणी येईल असं वाटलं नव्हतं. तुम्ही आला होतात. पाठुंगळीला मारून तुम्ही मला कोकणच्या बोटीवर चढवलंत आणि जैतापूर येईपर्यंत उशाशी बसून बोलत राहिलात. कलमं, कोर्टातले तंटे, तुमच्या काकांच्या दुसऱ्या लग्नाची फजिती, काय वाटेल ते. मी एकदा म्हणालो, भावोजी, कृपा करून तोंड बंद करा. तुम्ही म्हणालात, "मी गप्प झालो तर तुम्ही झोपाल, आणि झोपलात नि उठला नाहीत तर तुमच्या बहिणीला मी काय तोंड दाखवू?" मग पुन्हा सुरू. त्या प्रवासात मी तुमचा जितका तिरस्कार केला तितका कुणाचाच केला नसेन. आणि जिवंत उतरलो.

कुळांनीही काल तुमच्याबद्दल जे सांगितलं त्यातलं एक खरं होतं. डुकरं आली की तुम्ही आधी त्यांच्या नाचणीवर राखणीला जायचात, मग स्वतःच्या भातावर. तुमच्या काकांना ते कधी आवडलं नाही. मला आवडायचं. पण तुम्हाला तसं म्हणालो असतो तर तुम्ही ते शिमग्यापर्यंत पुरवून खाल्लं असतंत, म्हणून म्हणालो नाही.

आता यंदाचा दसरा. मी सकाळी तुमच्याकडे आलो तर परसात तुम्ही पाटावर बसलेले, पुढ्यात मोठी परात, परातीत आमसुलांचं तांबडं पाणी, आणि त्या पाण्यात देव्हाऱ्यातली समई, निरांजन, तामण, घंटा, आणि काडतुसं. उरली होती तेवढी सगळी. तुम्ही एकेक काढून राखेने घासत होतात आणि गुणगुणत होतात. मी परातीपाशी वाकून बघितलं.

"काय बघताय? शस्त्रपूजा हाय आज," तुम्ही म्हणालात. "काळी काडतुसं देवापुढं ठेवायची? तुमच्या इष्टोरात ठेवत असाल."

"भावोजी, टोपीच्या कडेने पाणी आत जातं. त्यात ते आंबट पाणी. जुनी काडतुसं आहेत, कडेचं लाखेचं रोगण कधीच उडालं आहे."

"मग उन्हात वाळवू की. आमसुलं वाळतात, ही नाय वाळणार?"

काशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला म्हणालो, "सांग गो यांना. ही आता विहिरीत टाकायच्या लायकीची झाली." ती तुमच्याकडे बघून म्हणाली, "अहो, दादा म्हणतो तर ठेवा ना ती बाजूला. पुढच्या बोटीनं दुसरी आणवू." तुम्ही हसलात आणि एक काडतूस उन्हाकडे धरून फिरवलंत. खरोखर सोन्यासारखं चमकत होतं ते. मग पूजा झाली. रायफलीला झेंडूची माळ, काडतुसांना हळदकुंकू, वर आपट्याची पानं, आणि पंचपात्रीतलं पाणी शिंपडायलाही तुम्ही विसरला नाहीत. सगळा थाट झाल्यावर ती सुपात पसरून अंगणात ठेवलीत, शेजारच्या सुपात कुळीथ. जगात एवढ्या फौजा आहेत, एवढी कोठारं आहेत. पण दारूगोळा आंबट पाण्यात बुडवून, राखेने घासून, कुळिथाच्या शेजारी वाळत घालणारा सरदार फक्त आमच्या काशीच्या नशिबी आला.

लवकर येणारं हळवं भात कापून झालं होतं, उशिराचं गरवं उभं होतं, आणि वरच्या अंगाला कुळांची नाचणी. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात रान उठवणारे हाकारी येऊन सांगून गेले की मोठं डुक्कर झऱ्याजवळच्या जाळीत बसलं आहे. मी म्हणालो, त्या काडतुसांनिशी जाणार असाल तर मी येत नाही. काशीने मला बाजूला घेतलं. "तू नाय गेलास तर ते जायचे राहतील काय? तू असलास म्हणजे निदान भांडायला तरी थांबतील." म्हणून आलो.

उन्हं वर आली होती. हाकाऱ्यांनी डबे वाजवत रान उठवलं. तुम्ही कातळाच्या कडेला उभे, मी तुमच्या डाव्या हाताला हाकेच्या अंतरावर, हातात नुसती काठी. डुक्कर बाहेर आलं ते सरळ तुमच्या पुढ्यातून. पहिला बार झाला. नेम चांगला होता, ते मी आजही म्हणेन. गोळी बरगडीतून आरपार गेली, पलीकडे माती उडालेली मी पाहिली. डुक्कर बसलं नाही. मी वर्षानुवर्षं सांगत होतो तेच त्याने केलं. गर्रकन फिरलं आणि मी दिसताच माझ्याकडे सुटलं. गणू हाकारी ओरडला, "दादानु, पळा! वर चढा!" वर चढायला तिथे काही नव्हतं. सपाट कातळ, त्यावर वाळलेलं गवत.

तुम्ही दुसरं काडतूस सरकवलंत ते मला ऐकू आलं. मग खट्ट. नुसतं खट्ट. तो आवाज मला आयुष्यात कुठेही ओळखू येईल. मी डुकराकडे बघत होतो, तरी मनात आलं, आता थांबा भावोजी, आता बोल्ट उघडू नका. आणि तेवढ्यात ते फुटलं. ना धड बार, ना धड स्फोट. भांडं तडकावं तसा आवाज आणि तुमच्या तोंडापाशी धूर. त्या आवाजाने आणि तुम्ही रायफल टाकून आरोळी ठोकत धावत आलात त्याने डुक्कर बिचकलं, मला घासून गेलं, माझं धोतर फाडलं आणि करवंदीत शिरलं.

तुमच्या गालातून रक्त येत होतं आणि उजव्या पंजात पितळेची चीर घुसली होती. मी तुमच्या अंगावर ओरडलो. लोकांदेखत ओरडलो. "थांबायला काय झालं होतं? वीस मोजायला सांगितलं होतं ना तुम्हाला?" तुम्ही रक्ताने भरलेल्या तोंडाने हसलात आणि म्हणालात, "विसरलो हो इष्टोरकीपर." दुपारी डुक्कर झऱ्यावर मरून पडलेलं मिळालं, पहिल्याच गोळीने. तेव्हा तर तुमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "बघा, फौजेचीच गोळी! मेला का नाय?" मी म्हणालो, राजापूरला डॉक्टरकडे चला, जखम धुऊन घ्या. तुम्ही म्हणालात, आधी डुकराचे वाटे घालू दे. हाकाऱ्यांचे वाटे तुम्ही त्याच फाटक्या हाताने घातलेत, वर हळद-चुना दाबलात, आणि ओटीवर बसून गोष्ट सुरू केलीत. त्या गोष्टीत डुकरं दोन होती.

आठवड्याने तुमचा जबडा आखडला. डॉक्टरला आणलं तोवर त्याच्या करण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं. ज्या माणसाचं तोंड बंद व्हावं म्हणून मी देवाला साकडं घातलं असतं, त्याचे दात एकमेकांवर असे बसले की काशीला चमच्याने पाणीसुद्धा घालता येईना. तुमचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे लागले होते. मी परसात जाऊन रडलो. तुमच्यासाठी मी रडेन असं तुम्हाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं.

तुम्ही गेलात, मग फौजदार चौकशीला आले. रायफल पंचांपुढे ताब्यात घेतली, उरलेली चकचकीत काडतुसं मोजून नेली. मला विचारलं, मयताला नियम ठाऊक होता काय? मी म्हणालो, होता, मीच शिकवला होता. मग त्यांनी तो का पाळला नाही? मी म्हणालो, घाईत विसरले, त्यांनी स्वतःच मला तसं सांगितलं. तुमचे काका माझ्याकडे असे बघत होते की जणू काडतूस मीच भिजवलं. त्यांना वाटत होतं, मी काहीतरी भव्य सांगावं. मी खरं ते सांगितलं. निदान मला ते खरं वाटत होतं.

काल सगळी पांगल्यावर काशी माझ्याजवळ येऊन बसली. रिकाम्या कपाळाने ती मला अनोळखी वाटत होती. म्हणाली, "दादा, तू फौजदाराला काय सांगितलंस ते मला कळलं."

मी म्हणालो, "रागावलीस?"

"नाय. त्यांची स्तुती करायला अख्खा गाव होता. तुझ्याकडून त्यांना ती नकोच होती. पण ते विसरले नव्हते."

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"जबडा धरायच्या आदल्या दिवशी मी पण विचारलं त्यांना. म्हटलं, दादा इतकं सांगतो, एवढं कसं ध्यानात राहत नाय तुमच्या? तर म्हणाले, विसरलो कुठं गो? खट्ट झालं आणि मोजायला लागलो. चार-पाच मोजले पण. मग बघितलं तर तुझ्या दादाकडं वीस नव्हते."

काशीने पदर तोंडाला लावला.  मग पुढे म्हणाली, "मी म्हटलं, मग दादाला विसरलो का म्हणालात? तर म्हणाले, विसरलो म्हटलं की तो शिव्या घालून मोकळा होईल. आठवत होतं म्हटलं तर जन्मभर गप्प बसेल. गप्प बसला तर माझं कसं व्हायचं? त्याला सांगू नको."

तिने सांगितलं. बायको तुमची असली तरी बहीण माझी आहे.

तर भावोजी, ऐका. मी गप्प बसणार नाही. कडक नाकाची गोळी डुकराला चालत नाही. लष्करी काडतूस झाळलेल्या पेटीतलंच घ्यावं. आमसुलाच्या पाण्यात समई घासावी, काडतूस घासू नये. खट्ट झाल्यावर वीस मोजावेत, समोर कुणीही असो, मेव्हणा असला तरी मोजावेत, हा नियम तुमच्या-माझ्यापेक्षा जुना आहे आणि तुम्ही तो जाणूनबुजून मोडलात. म्हणजे तुम्ही विसराळू नव्हतात, त्याहून वाईट होतात. तुम्ही मूर्ख होतात. हट्टी होतात. बडबडे, ढोंगी, खोटारडे होतात. सकाळपासून लिहितो आहे, आणि यापुढे शिवी सुचत नाही.